जाम घाटातून नर्मदेकाठी सायकलने : उतरणं ठीक, पण परत वर कसं यायचं?

चेन_उतरली
मंडळी, बरेच दिवस एक बेत डोक्यात घोळतोय. मी राजेंद्र नगरात राहतो, वय ४७, गेली दोन वर्षं नियमित सायकल चालवतो. नियमित म्हणजे पावसाळा, लग्नसराई आणि थंडी सोडून. सोबत भाचा असेल, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला कशाचीच भीती नाही आणि तीच माझी भीती आहे.

पहिला दिवस : इंदूर, महू, जाम दरवाजा, तिथून घाट उतरून मंडलेश्वर आणि महेश्वर. दुसरा दिवस महेश्वरात. तिसऱ्या दिवशी मंडलेश्वर-कसरावदच्या पुलावरून नर्मदा ओलांडून दक्षिण तीराच्या कच्च्या वाटांनी रावेरखेडीला बाजीराव पेशव्यांची समाधी, मग सनावद, मोरटक्का, बडवाह.

इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे आणि महेश्वरचा घाट दीडशेच्या आसपास. म्हणजे जाताना देव पाठीशी, येताना देवच आठवेल.
विचारायचं इतकंच : सायकल कोणती न्यावी, घाटात काय सांभाळावं आणि परत कसं यावं?

भियाराम
ओ भिया, राम! पहाटे पाचला निघा, महूला पोहे-जिलेबी खा, आणि घरी परत या. माझा अनुभव असा की यापुढचं सगळं ऐच्छिक आहे.

स्पोक_सात
सायकलीबद्दल : जाम घाट डांबरी आहे, त्यासाठी माउंटन बाइकच पाहिजे असं नाही. पण नदीकाठच्या वाटा म्हणजे खडी, मुरूम, नाल्यातले गोटे. तिथे बारीक टायरची सायकल न्याल तर मनगटं जागेवर राहणार नाहीत. पुढे सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल आणि २.१ इंचाचे टायर पुरेत. दोन्हीकडे सस्पेन्शनवाली महागडी सायकल या कामाला नको, वजन वाढतं आणि चढावर तुमचीच ताकद स्प्रिंग खातं.

घाटात एकच गोष्ट : ब्रेक धरून बसू नका. दाबा, सोडा, दाबा. सतत दाबून ठेवला की डिस्क तापते, पॅड चकचकीत होतात आणि नेमक्या वळणावर ब्रेक लागत नाही. जुनी रिमवाली असेल तर रिम तापून ट्यूबसुद्धा फुटते. पुढच्या ब्रेकला लोक उगाच घाबरतात, सायकल थांबवण्याचं खरं काम तोच करतो. फक्त वळणात किंवा खडीवर तो कचकन दाबू नका. सीट दोन बोटं खाली घ्या आणि ढुंगण मागे. भाच्याला पुढे जाऊ देऊ नका, त्याला तुमच्या मागे ठेवा.

चेन_उतरली
@स्पोक_सात, भाचा मागे राहणार नाही. मीच त्याच्या मागे असतो, आणि बऱ्याच मागे.

निमाडी_मावशी
मी मंडलेश्वरची, आमची सहावी पिढी इथे. तुम्ही इंदूरवाले घाट उतरून येता, दोन फोटो काढता आणि उकडतंय म्हणत परत जाता. तेव्हा आधी ऐका. नोव्हेंबरच्या आत आणि फेब्रुवारीच्या पुढे येऊ नका. जाम दरवाज्यावर स्वेटर लागतो तेव्हा खाली आमच्याकडे लोक पंखा लावून झोपलेले असतात. विंध्याचा कडा संपला की माळवा संपला, खाली निमाड. हवा वेगळी, बोली वेगळी, भाकरीसुद्धा वेगळी.

आणि येताना जलूदला थांबा, मंडलेश्वरजवळच आहे. तुमच्या नळाला येणारं पाणी तिथून वर चढतं. १९७८ पासून नर्मदा सत्तर किलोमीटर पाइपातून इंदूरला जाते. घाट चढताना दम लागला की आठवा, तुमची रोजची अंघोळसुद्धा हाच डोंगर चढून येते.

राजवाडा_कट्टा
मावशी, हे भारी होतं. आता नळ सोडताना अपराधी वाटणार.

जाम दरवाज्याबद्दल थोडं. १७९१ चा, अहिल्याबाईंच्या काळातला. राजधानी महेश्वरला आणि बाकी राज्य वर माळव्यात, तेव्हा ही ये-जा रोजची. गंमत अशी की शेजारी ना गाव, ना किल्ला. कड्याच्या तोंडावर एकटा दगडी दरवाजा उभा आहे. पलीकडे पाऊल टाकलं की जमीन संपते आणि खाली सगळं निमाड पसरलेलं. सायकल घेऊन त्या कमानीखालून जाण्यात जी मजा आहे ती गाडीत नाही. मात्र रविवारी जाऊ नका. रविवारी तिथे अर्धं इंदूर मॅगी खात असतं.

सिंहगड_रोज
पुण्यातून नमस्कार. आम्ही आठवड्यातून दोनदा सिंहगड सायकलने चढतो. तुमचा हा घाट पाहता त्यात एवढं विचारण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. परत सायकलनेच यायचं! गाडीत घालून आणणार असाल तर जाता कशाला?

भियाराम
आले.

मोहन_टॉकीज_समोर
@सिंहगड_रोज, दादा, सिंहगड चढून घरी जाऊन झोपता ना? इथे आधी दोन दिवस ऊन-धूळ खाऊन, मग पायथ्यापासून चारशे मीटर चढ, आणि वर आल्यावर घर अजून पन्नास किलोमीटर. तरी या, आम्ही महूला पोहे घेऊन उभे राहू.

टांगा_अजून_चालतो
मी ७१ वर्षांचा आहे, रामबागेत वाढलो. १९७४ साली आम्ही तिघे मित्र बिनगिअरच्या काळ्या सायकलींवर बडवाहला गेलो आणि भेरूघाट चढून परत आलो. हेल्मेट नाही, सस्पेन्शन नाही, सोबत एक पंप आणि गूळ-शेंगदाणे. तुमच्या पिढीला प्रत्येक गोष्टीला सामान लागतं.

तेव्हा परतीचा प्रश्नच नसे. मीटर गेजची गाडी होती. बडवाहला सायकल गार्डच्या डब्यात टाकायची आणि महूला उतरायचं. कालाकुंड ते पातालपानी या टप्प्यात चाळीसास एक असा चढ, गाडीला मागून दुसरं इंजिन ढकलायला लावायचे. बोगदे, खाली चोरल नदीची दरी, पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी धबधबे. आणि कालाकुंड स्टेशनवर पळसाच्या पानात कलाकंद.

सिंहगड_रोज
काका, गार्डच्या डब्यात सायकल? मग भेरूघाट चढलात कधी?

टांगा_अजून_चालतो
एकदा गाडी चुकली होती.

राजवाडा_कट्टा
त्या रेल्वेची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती आणायला इंग्रजांकडे पैसे नव्हते. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. इंदूरकर माणूस इंग्रजांनासुद्धा व्याजाने पैसे देतो, हे लक्षात ठेवा.

आर्याची_आई
ती गाडी आता चालू आहे का? मुलांना घेऊन जायचं होतं.

राजवाडा_कट्टा
पातालपानी ते कालाकुंड एवढ्या टप्प्यावर २०१८ च्या डिसेंबरपासून हेरिटेज म्हणून सुरू केली. महूपासून खाली जाणारी रोजची मीटर गेज २०२३ मध्ये बंद झाली, ब्रॉड गेजचं काम निघालं म्हणून. निघण्याआधी वेळापत्रक बघा, हेरिटेज गाडी रोज नसते.

आणि पातालपानीला मुलं असतील तर धबधब्याच्या वरच्या पात्रात उतरू नका, पाणी कमी दिसलं तरीही. २०११ मध्ये तिथे अचानक आलेल्या लोंढ्यात माणसं वाहून गेली, ते इंदूरला सगळ्यांनी पाहिलंय. वर पाऊस पडतो, खाली ऊन असतं आणि लोंढा दोन मिनिटांत येतो. तिथे टंट्या मामांचं, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लांचं स्मारक आहे तेवढं बघा. १८८९ च्या डिसेंबरात जबलपूरला फाशी दिली त्यांना, पण या भागातले लोक अजून त्यांच्याबद्दल शेजारच्या माणसासारखं बोलतात.

सराटे_शत्रू
विषय सायकलीचा होता ना? मग कामाचं ऐका. नदीकाठच्या वाटांवर दोन शत्रू. एक बाभळीचा काटा, दुसरा सराटा, ज्याला इथे गोखरू म्हणतात. बाभळीचा काटा दिसतो तरी, सराटा दिसत नाही. मी एकदा शेताच्या बांधावर सायकल आडवी ठेवून पाणी प्यायलो, उचलली तर दोन्ही चाकांत मिळून अकरा. मोजले म्हणून सांगतो. ट्यूबलेस करून आत सीलंट घाला, नाहीतर माणशी तीन ट्यूब न्या. आणि ठिगळ लावायला शिका, यूट्यूबवर बघून नाही, हाताने.

दुसरं म्हणजे काळी माती. पाऊस पडून गेला असेल तर शेतातली वाट धरूच नका. माळवा-निमाडची काळी माती ओली झाली की टायरला अशी चिकटते की दहा पावलांत चाक फ्रेममध्ये अडकून थांबतं. मग सायकल तुम्हाला नेत नाही, तुम्ही सायकलला नेता. खांद्यावर.

बडोद्याचा_बाब्या
आमच्याकडे हीच नर्मदा पुढे येते. बडोद्याहून चांदोद पन्नासेक किलोमीटर, आम्ही थंडीत सकाळी जाऊन येतो. पुढे गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी. पण आमच्याकडे रस्ता सपाट, तुमच्यासारखा घाट नाही. म्हणून गप्पच बसणार होतो, पण एक विचारायचं आहे : परिक्रमेच्या वाटेवर सायकल चालवलेली चालते का? आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन तट पडलेत.

निमाडी_मावशी
चालते का म्हणजे कोणी अडवत नाही. पण परिक्रमावासी अनवाणी चालत असतात, कित्येक म्हातारी माणसं. मागून येऊन टणटण घंटी वाजवू नका, उतरा, "नर्मदे हर" म्हणा, बाजूने सायकल हातात धरून पुढे व्हा. माझ्या दारात दरवर्षी शेकडो जण थांबतात. मागच्या वर्षी एका आजींना रंगीबेरंगी कपड्यातल्या सायकलवाल्याचा धक्का लागला, तो "सॉरी आंटी" म्हणून निघूनही गेला. आंटी! त्यांचं अडीच महिन्यांचं चालणं झालं होतं.

सिंहगड_रोज
मावशी, हे चुकलंच. पण रस्ता सगळ्यांचा आहे. पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलसाठी वेगळी वाट असायला हवी.

निमाडी_मावशी
वेगळी वाट आली की मागून गाड्या येतील आणि मग तुम्हाला तिसरी लागेल. असू दे आहे तशी. उतरून चालायला किती वेळ लागतो?

गुरुत्व
मला रावेरखेडीबद्दल सांगायचंय. फोनमध्ये नुसतं "रावेर" टाकू नका. आमचा एक मित्र तसं टाकून जळगाव जिल्ह्यातल्या रावेरला पोचला. बाजीरावांऐवजी केळी घेऊन आला.

राजवाडा_कट्टा
:) :) रावेरखेडी सनावदकडून बेडियाच्या दिशेला, नर्मदेच्या दक्षिण तीरावर आहे. बाजीराव तिथेच गेले, २८ एप्रिल १७४०. वय चाळीससुद्धा पूर्ण नव्हतं. विसाव्या वर्षी पेशवेपद मिळालं, वीस वर्षं घोड्यावर काढली आणि शेवट निमाडातल्या तापात. एप्रिलच्या शेवटी तिथे एकदा दुपारी उभे राहून बघा, तंबूत काय होत असेल ते कळतं. महेश्वरच्या धरणामुळे ही जागा पाण्याखाली जाईल अशी धास्ती कित्येक वर्षं होती. तिथली शांतता वेगळी आहे. शनिवारवाड्यावर गर्दी, इथे वारा.

मोहन_टॉकीज_समोर
बाजीराव रोज किती किलोमीटर जायचे, सिंहगडकर? तेही परत घोड्यानेच यायचे, नाही का?

सिंहगड_रोज
शरण आलो. मी येतोय डिसेंबरमध्ये. पोहे तयार ठेवा.

आर्याची_आई
चेन_उतरली दादा, महेश्वरचा दिवस नुसता आरामात घालवू नका. किल्ल्यातला अहिल्याबाईंचा वाडा बघा. अठ्ठावीस वर्षं जिने राज्य केलं तिचा वाडा इतका साधा, की माझी लेक म्हणाली, "आई, राणीचं घर कुठे आहे?" राजराजेश्वराच्या देवळात तुपाचे अकरा अखंड दिवे आहेत. माहेश्वरी साड्या विणताना बघा, पण बायकोशिवाय जाताय तर विकत घेऊ नका, रंग चुकणार. आणि नदीने जरा खाली सहस्रधारा, तिथे काळ्या खडकांतून नदी अशी फुटून वाहते की पाण्याला वाट शोधून देणारं कोणी नाही असं वाटतं.

पाटी_पेन्सिल
घाटासमोर पलीकडे नावडातोडी दिसते. नावेत सायकल घालून तिकडे जा, नावाडी नाही म्हणत नाहीत. पन्नासच्या दशकात डॉ. सांकलियांनी डेक्कन कॉलेजतर्फे तिथे उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची घरं, रंगीत मडकी, जळालेलं धान्य. घाटावर बसून लोक समोर बघतात, पण त्या टेकाडावर फारसं कोणी जात नाही. आता वर बघण्यासारखं काही नाही हेही खरं, नुसतं टेकाड आहे. मला तेच आवडतं.

चेन_उतरली
सगळ्यांचे आभार. एवढं सगळं कळलं, पण परत वर कसं यायचं ते अजून कोणी सांगितलं नाही.

स्पोक_सात
बडवाहहून इंदूर साठेक किलोमीटर. भेरूघाटात ट्रक इतके की मी सायकलने चढा म्हणणार नाही. पाय नाहीत म्हणून नाही, खांदा नाही म्हणून. म्हणजे रस्त्याला, कडेला सायकलपुरती मोकळी पट्टीच नाही. बसच्या टपावर टाका. चेन बाहेरच्या बाजूला येईल अशी ठेवा आणि पुढचं चाक दोरीने बांधा.

भियाराम
बेडियाची मिरची मंडी मोठी आहे. तिथून इंदूरला पिकअप येतात. मिरच्यांच्या पोत्यांवर बसून या. बाजीरावांनाही हे सुख मिळालं नसेल.

चेन_उतरली
(सात आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. जाऊन आलो.

जाम दरवाजा बुधवारी सकाळी नऊला गाठला. आम्ही दोघं आणि एक कुत्रं. कमानीतून पलीकडे बघितलं आणि भाचा पहिल्यांदाच आयुष्यात दहा मिनिटं गप्प बसला. उतारावर स्पोकभाऊंचं "दाबा, सोडा" मनात म्हणत उतरलो. दोन वळणांवर थांबून डिस्कजवळ बोट नेलं तर धग लागली. भाच्याने शेवटच्या टप्प्यात मला मागे टाकलंच, आणि खाली एका बकरीसमोर त्याने पुढचा ब्रेक दाबला. खडी होती. गुडघा आणि कोपर, बाकी ठीक. बकरी निवांत होती.

मंडलेश्वरात मावशींकडे जेवलो. त्यांनी पत्ता दिला होता पण अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी असेल हे सांगितलं नव्हतं. त्यामुळे महेश्वरचे राहिलेले आठ-दहा किलोमीटर आमच्या सहलीतले सगळ्यात कठीण ठरले.

दक्षिण तीर म्हणजे खरी माउंटन बाइक. कापसाच्या शेतांमधून पाऊलवाट, मग एकदम नाला, गोटे, उतरून ढकला, पुन्हा वाट. बकावांला नर्मदेतले दगड घासून शिवलिंग करतात ते बघत तासभर गेला. तिथे गुळगुळीत दगडावर हात ठेवून भाचा म्हणाला, "मामा, हा आपल्या टायरपेक्षा बरा आहे." तोवर सात पंक्चर झाली होती. सराटे_शत्रू, तुमचा अकराचा विक्रम शाबूत आहे.

परिक्रमावासी भेटले. प्रत्येक वेळी उतरलो. एका गृहस्थांनी विचारलं, कुठून आलात, म्हटलं इंदूर. ते नाशिकचे. म्हणाले, "चाकं आहेत तर इतके हळू का?" काय सांगणार.

रावेरखेडीला संध्याकाळी पोचलो. राजवाडाभाऊ म्हणाले तसंच, वारा होता. भाच्याने समाधीसमोर हेल्मेट काढलं, मी सांगितलं नव्हतं.

टांगा_अजून_चालतो
छान लिहिलंस बाळा. एक कबूल करून टाकतो. ७४ साली भेरूघाट चढलो म्हटलं ना, चढलो म्हणजे सायकल हातात धरून चढलो. तिघेही.

सिंहगड_रोज
काका, मी परवा तिथेच उतरून ढकलत होतो. ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून सत्कार केला.

आर्याची_आई
पण दादा, तुम्ही शेवटी परत कसे आलात ते लिहिलंच नाही!

चेन_उतरली
भियारामनी थट्टेत सांगितलं होतं, तेच झालं. सनावदच्या बसवाल्याने टपावर जागा नाही म्हणून हात हलवला. चहाच्या टपरीवर एक पिकअप उभी होती, बेडियाहून इंदूरला निघालेली. दोन सायकली पोत्यांवर, आम्ही दोघं सायकलींच्या मध्ये. मोरटक्क्याच्या पुलापर्यंत मजा वाटली. भेरूघाटात वारा उलटा फिरला आणि तिथून तेजाजी नगरपर्यंत आम्ही दोघं शिंकत होतो. ड्रायव्हर मध्येच थांबून विचारून गेला, भिया, रडताय का?

भियाराम
पैसे किती घेतले?

चेन_उतरली
पाचशे. आणि उतरताना त्यानेच दोन किलो मिरच्या पिशवीत घालून दिल्या. बायको म्हणते, तीन दिवस सायकल चालवून माहेश्वरी साडी आणता आली नाही.

निमाडी_मावशी
देठ काढून उन्हात नीट वाळव त्या, लगेच डब्यात भरू नकोस. आणि पुढच्या वेळी बायकोला घेऊन ये, साडीचा रंग मी बघते.